योगा करायचाय, पण नळ आलेत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

21 जून जवळ आला की तुमच्याच काय, सगळ्याच पेपरात योगाचं पान येतं, ताडासन असं, भुजंगासन तसं, बाजूला मॅटवर बसलेल्या हसऱ्या बाईचा फोटो, आणि रोज फक्त 45 मिनिटं स्वतःसाठी काढा हे ठरलेलं वाक्य. आयुष मंत्रालयाचा योग दिनाचा कार्यक्रम पण 45 मिनिटांचाच आहे. आता ही 45 मिनिटं काढायची कुठून ते मात्र कुणीच सांगत नाही, म्हणून हे पत्र.

तारखेचंच बघा ना. 2014 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी योग दिन मंजूर केला, 177 देश पाठीशी होते, आपल्याकडं वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणून 21 जून, सगळं मान्य. पण आपल्या मराठवाड्यात त्या टायमाला मृग सरत आलेला असतो, अर्ध्या लोकांची पेरणी चालू आणि अर्धे आभाळाकडं बघत बसलेले, शाळा नुकत्याच उघडलेल्या, वह्यांना कव्हरं घालायची राहिलेली. त्या दिवशी मैदानात सगळ्यांसोबत केलेला योगा 22 तारखेला घरी होत नाही यात नवल काय.

मी लातूरची. वय 46, ऑफिसात दिवसभर खुर्ची, घरी सासूबाई, मिस्टर आणि बारावीचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी कंबर धरली तेव्हा डॉक्टर म्हणाले गोळ्या कमी खा, हालचाल वाढवा. महिनाभर जवळच्या हॉलमधल्या क्लासला गेले, आसनं शिकले, मग क्लासची वेळ बदलली आणि माझं जाणं बंद पडलं. घरी करू म्हणून गंजगोलाईच्या बाजारातून मस्त जाड पुठ्ठ्याचं प्लॅनर आणलं, रोजचं एक पान, तासातासाचे रकाने. पहिल्याच दिवशी हिरव्या पेननं पूर्ण महिनाभर पहाटे 5:30 ते 6:15 योगा असं लिहून टाकलं, लिहितानाच इतकं भारी वाटलं की जणू निम्मा योगा झालाच.

चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी नळाची पाळी आली. ज्याला रोज पाणी येतं त्याला हे कळणार नाही, आमच्याकडं नळ आले की घरातला जो जागा असेल तो उठतो, मोटार लावा, हौद भरा, वरची टाकी भरा, पिण्याचं वेगळं गाळून ठेवा. 2016 ला आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, त्यामुळं इथल्या बाईला पाणी सोडून डोळे मिटून बसणं जमतच नाही. तरी मी एकदा शहाणपणा केला, मोटार चालू ठेवून गच्चीवर शवासनात पडले, म्हणलं कान टाकीकडं ठेवू. डोळा कधी लागला कळलंच नाही, टाकी वाहून पाणी पाठीखाली आलं तेव्हा उठले, आणि शेजारच्या काकू कठड्यावरून बघायलेल्या, "काय गं, कशाचा योगा करायलीस, पाणी वाहून चाललं की सगळं!" आठ दिवसांनी येणारं पाणी असं गटारात गेलं, मिस्टर दोन दिवस बोलले नाहीत.

मग प्लॅनरमध्ये फुल्याच फुल्या. बंद करून कपाटात टाकणार होते तर मुलगा म्हणाला आई, तू टाइमटेबल नापास होणाऱ्या पोरासारखं करायलीस. लातूर पॅटर्नची पोरं ही, यांच्या भिंतीवर देवापेक्षा टाइमटेबल जास्त. त्याचं म्हणणं असं की आधी आठवडाभर काहीच ठरवायचं नाही, दिवस खरंच कसा जातो तेवढं लिहायचं, आणि रविवार रिकामा सोडायचा, राहिलेलं तिथं ढकलायला.

तसं केलं. लिहिताना लाज वाटली खरं सांगते. टाइम नाही टाइम नाही म्हणणारी मी रात्री जेवण झाल्यावर रोज पाऊण तास मोबाइल बघत होते, आणि पोरगं 6 वाजता क्लासला गेलं की सासूबाईंची आंघोळ होईपर्यंत 20-25 मिनिटं नुसती चहाचा कप घेऊन ओट्याला टेकून उभी राहायचे. पोट रिकामं, घर शांत, हीच तर वेळ होती! ती प्लॅनरमध्ये आलीच नव्हती कारण मी घड्याळ बघून लिहिलं होतं, घर बघून नाही. आता मी 6:10 असं लिहीतच नाही, "पोरगं गेलं की" असं लिहिते. क्लास लवकर असो की उशिरा, ते गेलं की दार लावायचं, सतरंजी टाकायची, चहा नंतर.

तीन खुणा केल्यात. मोठा गोल म्हणजे सूर्यनमस्कार, आसनं, शवासन सगळं, ते आठवड्यातून दोन-तीनदाच होतं. छोटा गोल म्हणजे सहा सूर्यनमस्कार आणि पाच मिनिटं अनुलोम-विलोम. आणि नळाच्या दिवशी नुसतं "न" हे अक्षर, त्या दिवशी रात्री जेवल्यावर पाच मिनिटं वज्रासन, जेवणानंतर चालतं असं म्हणतात ते हे एकच आसन (गुडघे दुखणाऱ्यांनी माझं ऐकून बसू नये). एक सांगते, कपालभाती मी यात धरलीच नाही, मला बीपी आहे, आणि घाईच्या दिवशी लोक नेमकं तेच जोरजोरात करून मोकळे होतात.

ते जाड प्लॅनर पण सुटलं. आता स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरच सगळं, चतुर्थीच्या चौकोनात दुधाचं "दीड लि." असतं त्याच्या शेजारी माझा गोल. गॅसजवळ असल्यामुळं दिवसातून दहादा नजर जाते आणि सासूबाई पण विचारतात, आजचा गोल कुठाय? अमावस्येला मोठा गोल नको म्हणतात, त्यावर मी काही बोलत नाही.

क्लासमधले सर पतंजलींचं एक सूत्र सांगायचे, अभ्यास पक्का व्हायला दीर्घकाळ, नैरंतर्य आणि सत्कार लागतो, म्हणजे खूप दिवस, खंड न पाडता, मनापासून. मी नैरंतर्य म्हणजे रोज 45 मिनिटं असं धरून बसले होते आणि एक दिवस चुकला की आठ दिवस सोडून द्यायचे. मागच्या सोयाबीनच्या काढणीला गावाकडं होते, पाच दिवसांत एकपण मोठा गोल नाही, पण पाची दिवस छोटा आहे. कंबर बरीच बरी आहे, पूर्ण नाही.

तर संपादक साहेब, येत्या 21 जूनला त्या हसऱ्या बाईचा फोटो जरा लहान करा आणि उरलेल्या जागेत एका आठवड्याचा कोरा तक्ता छापा, वेळ न टाकता, नुसते वार. त्यात लोक आपली नळाची पाळी, डबे, बस, रानातली कामं आधी भरतील आणि मग बघतील काय उरतं ते. आसनांची चित्रं मागच्या वर्षीची आहेत आमच्याकडं जपून ठेवलेली. चौकोन तेवढे मोठे ठेवा, तुमचा कागद पातळ असतो, पेननं लिहिलं की शाई फुटते, पेन्सिलनं लिहावं लागेल.

आपली एक नेहमीची वाचक,
लातूर