बारशात मी श्वास मोजत होते

प्रिय सुमे,

सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत. सासूबाईंचा गुडघा तसाच, ह्यांची शुगर गोळीवर आहे. फोनवर टाइप करायला घेतलं आणि पुसून टाकलं, म्हणून कागद काढलाय. हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

भावाच्या मुलीचं बारसं झालं. आत्या मी एकटीच, म्हणजे कानात नाव सांगायचा मान माझा. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं, बाळ माझ्या हातात आलं आणि माझी नजर गेली ती थेट छातीवर. बरगड्या आत ओढल्या जातायत का, ओठ कसे आहेत, नखं निळी नाहीत ना. बायका घुगऱ्या वाटत होत्या आणि मी मोजत होते. मिनिटाला सेहेचाळीस. चाळीस ते साठ नॉर्मल, हे काय तुला सांगायचं! तरी पुन्हा मोजले. वहिनी म्हणाली, "ताई, नाव सांगा ना." पाठीत धपाटे पडले तेव्हा भानावर आले. आईला वाटलं, लेक भाचीत रमली. सुमे, तिचं नाक कुणासारखं आहे ते मी पाहिलंच नव्हतं. घरी येऊन फोटोत पाहिलं.

त्याच आठवड्यात आमच्या एसएनसीयूत, आजारी नवजात बाळांच्या कक्षात, एक मुलगी गेली. आली तेव्हा साडेनऊशे ग्रॅमची. वजन धरायला लागली होती. तिची आई कांगारू केअर शिकली होती, छातीशी घेऊन तासन्‌तास बसायची आणि रोज विचारायची, "सिस्टर, आज किती ग्रॅम?" नाईटला पोट फुगलं, नळीतून हिरवं आलं. नेक, आतडं सडवणारा तो आजार. पुढचं तुला माहीत आहे. मी नोट्स लिहिल्या, आईजवळ बसले, सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर दिला, बस पकडली, घरी येऊन झोपले. रडू आलं नाही. अजिबात नाही.

तुझं बरं होतं. तू लिनन रूममध्ये जाऊन रडायचीस आणि मावशी ओरडायच्या, "आत्ताच धुऊन आल्यात चादरी, परत ओल्या करू नका!" त्यावरून आपलं भांडणही झालं होतं आठवतं? ड्यूटीवर रडायचं नाही, हॉस्टेलवर जाऊन रड, असं मी म्हटलं आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस. मी आजही तेच म्हणेन. पण हॉस्टेलवर पोचल्यावर आपण एकमेकींना होतो गं. मेसची ती पाणीदार आमटी ओरपत सगळं बोलून व्हायचं. आता ओव्हर संपला की प्रत्येकीला बस, डबे, पोरांची शाळा. गेलेल्या बाळाबद्दल बोलायला जागाच नाही.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या शिशू कक्षात आग लागली, दहा बाळं गेली, तेव्हा तू मला फोन केला होतास. वॉर्डात वायर जळाल्याचा वास शोधत फिरते म्हणालीस. आपण दोघींनी ते तिथेच सोडलं. त्या वासाचं पुढे काय झालं?

शेवटी मी फोन लावला. टेलिमानसचा, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६. वॉर्डाच्या दारावर तो कागद मीच चिकटवलाय, नातेवाइकांसाठी. आमच्याच मानसोपचार ओपीडीत जायचं तर केसपेपरच्या खिडकीपासून लॅबपर्यंत चहाला विषय झाला असता. नाईट ऑफला गच्चीवर गेले. मराठी बोलणारी मुलगी होती. तिने उगाच धीर दिला नाही, ते मला आवडलं. झोप किती, ड्यूटीवर जेवता का, आणि वॉर्डात कुणी गेलं तर त्याबद्दल कुणाशी बोलता? ह्या शेवटच्याला मला उत्तर देता येईना, आणि तिथे रडू फुटलं. तिने थांबू दिलं. मग म्हणाली, हे मोजणं कमी होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. शेजारच्या जिल्ह्यात वेळ घेतली आहे. ह्यांना सांगितलंय, तेच घेऊन जाणार आहेत.

मला राग कशाचा येतो सांगू? १२ मेला, परिचारिका दिनाला, दिवे लावून झाले, गुलाब वाटून झाले आणि मग ताणमुक्तीवर व्याख्यान. दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा. वॉर्डात त्या वेळी एकच सिस्टर होती. परीक्षेत एका सिस्टरमागे किती पेशंट, तर जनरल वॉर्डला १:५, आयसीयूला १:१ लिहून आपण मार्क मिळवले, ते प्रमाण मला नाईटला कधी दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची नोंद केली तीही कामाच्या जागी न आवरल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. आमच्याकडे मात्र सिस्टरचा स्वभावच हळवा! माणसं द्या, नाईटनंतरचा ऑफ कापू नका, मग व्याख्यानाला मी पहिल्या रांगेत बसेन.

एक केलंय. ती मुलगी गेली तेव्हा माझ्याबरोबर नवीन स्टाफ होती, लातूरकडची. पोर पहिल्यांदाच बाळ गुंडाळत होती. हल्ली असं काही झालं की ओव्हरनंतर आम्ही चेंजिंग रूमचं दार लावून बसतो. काय केलं, काय राहून गेल्यासारखं वाटतं, ते बोलतो. बस चुकली तर चुकते. इन्चार्ज सिस्टरही एकदा येऊन बसल्या, काही न बोलता ऐकलं.

त्याच म्हणाल्या, "ओपीडीला टाकू का तुला?" तिथेच अडलंय. ओपीडीत घड्याळाच्या वेळा, नाईट नाही, रात्री घरी. पण केसासारखी शीर मला पहिल्या टोचणीत सापडते गं. ते हात घेऊन मी धनुर्वाताची इंजेक्शनं देत बसू? आणि न जाता डोकं असंच चालत राहिलं तर? तू बाळं सोडून डायलिसिसला गेलीस तेव्हा पगाराचं कारण दिलंस. मी कधी ते खरं मानलं नाही.

नवीन घर लागलं का? लेकाचा दात पडलेला फोटो पाहिला, गोड आहे. तिकडे कुणी येणार असेल तर कळव, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं तयार आहे.

बदलीचा अर्ज महिनाअखेरपर्यंत द्यायचाय. त्याआधी फोन कर, रविवारी माझी सकाळपाळी आहे, चारनंतर मी मोकळी. आणि पगाराचं सांगू नकोस.

तुझी,
कुंदा