महाग आइसबॉक्स: पैसे कशाचे आणि गरज कोणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पवना, भंडारदरा, काशीद, दिवेआगर इथे तंबू ठोकून राहणाऱ्यांची संख्या वाढते आणि 'आइसबॉक्स कोणता घ्यावा' हा प्रश्नही वाढतो. परदेशी बनावटीच्या, तीस हजारांच्या वर जाणाऱ्या पेट्या आता इथेही मागवल्या जातात. अमेरिकेत राहणारे नातेवाईक त्यांची शिफारस करतात, आणि तिथल्या वापरासाठी ती पुष्कळदा योग्यही असते. ती जशीच्या तशी इथे लावली की मात्र पैसे वाया जातात. म्हणून या पेटीत नेमके कशाचे पैसे मोजले जातात, हे सविस्तर लिहीत आहे.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले नाव म्हणजे 'येटी'. टेक्सासमधील मासेमारीची आवड असलेल्या दोन भावांनी ही कंपनी २००६ साली काढली. होडीत पेटीच्या झाकणावर उभे राहून गळ टाकायचा असतो आणि त्या काळच्या पेट्यांची झाकणे त्या वजनाने मोडत, बिजागऱ्या निखळत. म्हणजे मूळ गरज मजबुतीची होती. त्यासाठी रोटोमोल्डिंग वापरले गेले: साच्यात प्लास्टिकची पूड घालून तो तापवत दोन अक्षांवर फिरवायचा, पूड वितळून आतून सगळीकडे बसते आणि सांधा राहत नाही. आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी याच पद्धतीने बनते. भिंतीच्या दोन थरांमधल्या पोकळीत पॉलियुरेथेन फोम भरतात, ज्याला आपल्या बाजारात 'पफ' म्हणतात.

इथेच गल्लत होते. रोटोमोल्डिंगमुळे पेटी दणकट होते, थंड राहत नाही. बर्फ टिकतो तो पफची जाडी, झाकणातला पफ आणि रबरी गास्केट या तीन गोष्टींवर. साध्या पद्धतीने बनवलेल्या पेटीत तेवढ्याच जाडीचा पफ नीट भरलेला असेल, तर बर्फाच्या बाबतीत ती फारशी मागे पडणार नाही.

आता आकडे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. आतून ५० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरची, म्हणजे ४५ लिटरची पेटी घ्या आणि आत-बाहेरच्या तापमानात ३० अंशांचा फरक धरा. भिंती आणि झाकण दोन्हींत ५ सेंटिमीटर पफ असेल तर दिवसाला सुमारे साडेतीन किलो बर्फ जातो. पफ २ सेंटिमीटर असेल तर सुमारे आठ किलो. अडीच सेंटिमीटर जाडीच्या थर्माकोलच्या पेटीत नऊ-दहा किलो. हा हिशेब झाकण न उघडता आणि पेटी सावलीत ठेवून केलेला आहे.

दोन दिवसांच्या सहलीत जाड पेटीला सात किलो, पातळ पेटीला पंधरा-सोळा किलो. फरक आठ-नऊ किलोंचा. बर्फ किलोला १५ रुपये धरला तर एका सहलीमागे एकशेवीस ते एकशेपस्तीस रुपये वाचतात. साधी पेटी पाच हजारांची आणि परदेशी तीस हजारांची धरली, तर वरचे पंचवीस हजार वसूल व्हायला एकशेपंच्याऐंशी ते दोनशेदहा सहली लागतील. महिन्याला एक म्हटले तरी पंधरा वर्षांहून अधिक. वर्षातून तीन-चारदा तंबूत राहणाऱ्या कुटुंबाने यावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पवना असो की दिवेआगर, जवळच्या गावात बर्फ मिळतो. रोज जेवढा वितळतो तेवढ्या, म्हणजे आठेक किलोंची भर घातली की पातळ पेटीसुद्धा काम करते.

'पाच दिवस बर्फ टिकतो' हा खोक्यावरचा दावाही तपासून घ्यावा. हे दिवस मोजताना पेटी बहुधा बर्फाने गच्च भरलेली आणि न उघडलेली असते. येटी स्वतःच दोन भाग बर्फाला एक भाग सामान असे प्रमाण सुचवते. म्हणजे ३६ लिटरच्या पेटीत सामानाला जेमतेम १२ लिटर उरतात. चार जणांचे दूध, दही, पनीर, मासे, पाणी त्यात बसत नाही, मग बर्फ कमी केला जातो आणि पाच दिवसांचे दोन होतात. शिवाय नावातला आकडा म्हणजे लिटर असे समजू नये. येटीच्या 'टुंड्रा ४५' मध्ये आतली जागा ४५ लिटरपेक्षा बरीच कमी आहे आणि ही पेटी रिकामीच साधारण दहा किलो भरते. पाण्याच्या बाटल्या आणि बर्फ घालून ती गाडीतून उतरवायला दोन माणसे लागतात. राजगड किंवा हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्याला तर अशा पेटीचा काहीच उपयोग नाही. त्याने पाठपिशवीत बसणारी फोमची पिशवी आणि गोठवलेल्या दोन बाटल्या घ्याव्यात.

बर्फ सर्वांत झटपट कुठे जातो? भिंतींतून नव्हे, आपण आत घातलेल्या गरम वस्तूंत. एक लिटर पाणी ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला सुमारे ३०० ग्रॅम बर्फ खर्ची पडतो. दुकानातून आणलेल्या बारा लिटर कोमट बाटल्या थेट पेटीत टाकल्या की पावणेचार किलो बर्फ तासा-दोन तासांत संपला, पेटी कितीही महागडी असो. त्याच बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवल्या तर हा खर्च शून्याच्या जवळ येतो. पेटीचेही तसेच. माळ्यावर तापलेल्या जाड पेटीचे आतले प्लास्टिक थंड करायलाच किलोभर बर्फ लागू शकतो. म्हणून आदल्या संध्याकाळी ती घरात आणावी, दोन-तीन किलो बर्फ घालून रात्रभर बंद ठेवावी, सकाळी ते पाणी काढून मग नवा बर्फ भरावा.

बर्फ मोठा हवा. चुऱ्याला पृष्ठभाग जास्त, म्हणून तो लवकर वितळतो; लादीचा तुकडा टिकतो. घरी एक-दोन लिटरच्या बाटल्या नऊ-दशांश भरून गोठवाव्यात, कारण गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि काठोकाठ भरलेली बाटली फुटते. घरच्या फ्रीझरमध्ये एकदम आठ बाटल्या कोंबल्या तर एकही धड गोठत नाही. चार दिवस आधीपासून रोज दोन ठेवाव्यात. उणे १८ अंशांवरची बाटली शून्य अंशाच्या ओल्या बर्फापेक्षा किलोमागे दहा टक्के जास्त थंडावा देते, आणि वितळल्यावर ते पाणी पिता येते. फॅक्टरीच्या लादीबाबत मात्र जपावे. अखाद्य बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम आहे. तो किंवा ज्याची खात्री नाही असा कोणताही बर्फ पेल्यात टाकू नये, पिशवीत बांधून फक्त थंडाव्यासाठी वापरावा.

भरताना मोठे तुकडे तळाला आणि कडांना, मांस-मासे घट्ट झाकणाच्या डब्यात सर्वांत खाली, लवकर लागणारे वर. उरलेली पोकळी चुऱ्याने भरावी, कारण प्रत्येक वेळी झाकण उघडले की थंड हवा निघून उबदार हवा तिथे शिरते. पिण्याच्या बाटल्यांना वेगळी लहान पेटी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मुले दर दहा मिनिटांनी जी उघडतात ती हीच. वितळलेले पाणी थंड असेपर्यंत राहू द्यावे. मासे सुटे ठेवले असतील तर मात्र तोटी उघडी ठेवावी, ते पाण्यात तरंगले की खराब होतात.

पेटी डिकीत ठेवणे ही नेहमीची चूक. उन्हात बंद गाडीत तापमान ६० अंशांजवळ जाते आणि बाहेर ३० अंश असताना जेवढा बर्फ जातो त्याच्या दुप्पट जातो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात पेटीवर ओले गोणपाट टाकले तर चांगला फरक पडतो. कोकणात हवेतच ओल असल्याने तेवढा पडत नाही, तिथे सावली आणि पांढरी चादर पुरे.

घरात असलेली साधी पेटी सुधारताही येते. बहुतेकांचे झाकण पोकळ असते. बोटाच्या टोकाने वाजवले की कळते. झाकणाच्या आतल्या बाजूने, दहा-दहा सेंटिमीटरवर ८ मिलिमीटरची भोके पाडून स्प्रे फोम भरावा. हार्डवेअरच्या दुकानात ७५० मिलिलिटरचा डबा मिळतो. दार-खिडक्यांसाठीचा, कमी फुगणारा घ्यावा. हा फोम ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून आधी भोकांतून थोडे पाणी फवारावे. एका दमात भरू नये: बंद पोकळीत मधला भाग ओलाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी फुगून झाकण वाकते, मग ते बसतच नाही. निम्मी पोकळी भरून एक दिवस थांबावे, मग उरलेली भरावी. झाकण सपाट लाकडावर वजनाखाली ठेवावे. हातमोजे घालावेत, काम मोकळ्या हवेत करावे, जवळ ज्योत नको. बाहेर आलेला फोम कापून भोके सिलिकॉनने बंद करावीत, म्हणजे तो अन्नाला लागत नाही. एवढे करायचे नसेल तर २५ मिलिमीटरच्या थर्माकोलचा तुकडा आतल्या मापाने कापून प्लास्टिकमध्ये गुंडाळून सामानावर ठेवावा.

मग जाड पेटी कोणी घ्यावी? ज्यांना तीन रात्रींहून अधिक काळ बर्फ मिळणार नाही त्यांनी. ग्रँड कॅन्यनमध्ये स्वतःच्या तराफ्याने दोन-तीन आठवडे जाणारे, अस्वलांच्या मुलुखात राहणारे (तिथे अस्वलाला न उघडणाऱ्या प्रमाणित पेटीला खरोखर अर्थ आहे) यांनी. आपल्याकडे मालवण-रत्नागिरीहून समुद्रात गळ टाकायला जाणारे, ज्यांना किलोभर मासळीला किलोभर बर्फ लागतो आणि ज्यांची पेटी ऊन, खारे पाणी व लाथा रोज सोसते. तसेच तंबूनिवास चालवणारे, ज्यांचा वापर आठवड्याला आहे. या लोकांनीही आधी मासळी व्यवसायासाठी बनणाऱ्या देशी पफ पेट्या पाहाव्यात. त्या दिसायला ओबडधोबड, पण भिंती जाड आणि किंमत परदेशी पेटीच्या निम्म्याहून कमी. माकडांसाठी महाग कुलूप लागत नाही. सामान बांधायचा पट्टा आवळला की पुरते.

गाडीनेच फिरणाऱ्यांनी तेवढ्या पैशांत १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज पाहावा. त्याला बर्फ लागत नाही आणि अन्न ५ अंशांखाली ठेवता येते, जे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. मात्र कॉम्प्रेसर नसलेले, 'थर्मोइलेक्ट्रिक' म्हणून विकले जाणारे स्वस्त डबे बाहेरच्या तापमानाच्या फार तर पंधरा-वीस अंश खाली जातात. चंद्रपूरच्या ४५ अंशांत त्यात दूध नासणारच.

दुकानात गेल्यावर वर्तमानपत्राची पट्टी झाकणात धरून बंद करावे आणि ओढावे. चारही बाजूंना ती अडली पाहिजे. सहज सुटली तर गास्केट बसत नाही. गास्केट, तोटीचे बूच आणि कडी सुटी मिळते का, हे विचारावे. लोखंडी बिजागरी असेल तर समुद्रकाठी ती गंजते. बाहेरून मागवलेल्या पेटीची वॉरंटी भारतात चालते का, तेही लेखी घ्यावे. किंमत जास्त म्हणजे दोष नाही असे नसते: येटीलाच मार्च २०२३ मध्ये मऊ कूलर बॅगा आणि सामानाच्या पिशव्या मिळून सुमारे १९ लाख नग परत मागवावे लागले, कारण तोंड बंद करणाऱ्या पट्टीतील चुंबक सुटून बाहेर येण्याचा आणि ते गिळले जाण्याचा धोका होता.

खरी अडचण ही की दोन पेट्यांची तुलना करायला ग्राहकाकडे काही नसते. जागतिक आरोग्य संघटना लशींच्या शीतपेट्या तपासते तेव्हा बाहेर ४३ अंश ठेवते, झाकण उघडत नाही आणि आतले तापमान १० अंशांवर जाईपर्यंतचे तास मोजते. आइसबॉक्सच्या खोक्यावर 'दिवस' छापणाऱ्या कंपन्यांनी बाहेरचे तापमान, बर्फाचे वजन, पफची जाडी आणि आतली खरी लिटरसंख्या एवढे तरी छापावे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी ही मागणी लावून धरावी. आपले दैनिकही हातभार लावू शकेल: बाजारातल्या पाच-सहा पेट्या आणून आधी रात्रभर थंड कराव्यात, प्रत्येकीत दहा किलो बर्फ घालून नागपुरात मे महिन्यात छपराखाली ठेवाव्यात आणि चोवीस तासांनी प्रत्येक तोटीतून निघालेले पाणी लिटरमध्ये मोजून शेजारी किंमत छापावी. तीच पद्धत वाचकांना घरच्या पेटीसाठीही वापरता येईल.

आपला,
शीतकरण क्षेत्रातील एक वाचक,
रत्नागिरी