प्रतिपूर्ती थकली, पण पालकांकडून घेतलेल्या पैशांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, थकलेल्या प्रतिपूर्तीवर अर्धे पान वाचले. या कायद्याने खासगी शाळांना २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना फी न घेता द्याव्या लागतात आणि ती फी शासन शाळेला भरून देते, तीच ही प्रतिपूर्ती. संस्थाचालक बोलले, त्यांच्या संघटनेचे पदाधिकारी बोलले, शिक्षण खात्यानेही आपली बाजू मांडली. ज्यांची मुले या २५ टक्क्यांत शिकतात, त्यांच्यापैकी एकाही आईबापाचे त्यात एक वाक्य नाही. रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी हे पत्र लिहायला बसले.

मी एका विनाअनुदानित शाळेच्या कार्यालयात लिपिक होते. प्रतिपूर्तीचे प्रस्ताव माझ्याच टेबलावरून जात. त्यामुळे शाळांची अडचण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये. शाळेची फी त्याहून कमी असेल तर तेवढीच. कोरोनाच्या काळात तर हा दर ८,००० वर आणला. प्रस्ताव द्यायचा, त्यात त्रुटी निघायची, एका मुलाच्या आधार क्रमांकातला एक आकडा चुकला म्हणून सगळी फाईल परत यायची, की पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षांमागचे पैसे आज यायचे, तेही पूर्ण नाहीत. हे सगळे मी भोगले आहे.

पण त्याच टेबलाच्या खणात आणखी एक वही असायची, आणि तिच्याबद्दल काल कोणीही बोलले नाही.

एका जानेवारीत संस्थेकडून निरोप आला, शासनाचे पैसे येत नाहीत, आरटीईच्या पालकांना बोलावून घ्या. नऊ जण होते. तिसरीतल्या एका मुलीचे वडील रिक्षा चालवायचे, ते खाकी शर्टावरच आले. पाच हजार रुपये मोजून ठेवले आणि पावती मागितली. पावती देता येत नव्हती. जिची फी घ्यायला कायद्यानेच मनाई आहे तिच्या नावाने पावती फाडली, तर तोच शाळेविरुद्ध पुरावा झाला असता. 'उपक्रम शुल्क म्हणून वहीत लिहा,' असे मला सांगण्यात आले आणि मी लिहिले. ते गृहस्थ म्हणाले, "बाई, नुसती चिठ्ठी तरी द्या, घरी दाखवायला." तीही मी दिली नाही. नोकरी जाईल या भीतीने गप्प बसले, याची आजही लाज वाटते.

दोन वर्षांनी शासनाचा हप्ता शाळेच्या खात्यात जमा झाला. यादीत त्या मुलीचे नाव होते, वर्षही तेच. मी वही घेऊन आत गेले आणि विचारले, या नऊ जणांचे पैसे आता परत द्यायचे ना? उत्तर आले, "पुढच्या वर्षांचे अजून यायचेत, मग बघू." ते बघणे झालेच नाही. एका मुलीचे एका वर्षाचे पैसे शाळेने दोघांकडून घेतले. तिचे वडील मागायला आले नाहीत. हप्ता जमा झाल्याचे त्यांना कळवणारे कोणी नव्हते, आणि कळले असते तरी हातात कागद नव्हता.

संघटना शासनाकडून किती येणे आहे ते सांगते. तुमच्या वार्ताहराने एवढे तरी विचारायला हवे होते की, मधल्या काळात पालकांकडून काही घेतले का, आणि घेतले असल्यास परत केले का?

त्याच पानावरच्या लेखात व्हाउचरचा उपाय सुचवला आहे. म्हणजे शासनाने फीचे कूपन पालकाच्या हाती द्यायचे, शाळेला पटले तर ती योजनेत येईल, नाही तर येणार नाही. पण २५ टक्क्यांची अट शाळांच्या मर्जीवर सोडलेली नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने ती २०१२ मध्ये वैध ठरवली आहे. राज्य शासनाच्या ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या अटीतून सूट दिली, तेव्हा 'सूट असली तरी आम्ही ही मुले घेणार' असे म्हणणारी एकही शाळा माझ्या ऐकण्यात आली नाही. उच्च न्यायालयाने ती अधिसूचना १९ जुलैला रद्द केली, तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. पहिलीतल्या इतर मुलांच्या ओळखी होऊन गेल्या होत्या आणि आरटीईची मुले अजून घरीच होती.

लेखात चिली या देशातल्या व्हाउचरचे उदाहरण आहे. मग हेही छापायला हवे होते की, तिथे कूपनाच्या वर पालकांकडून पैसे घ्यायची मुभा शाळांना दिली होती आणि २०१५ च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने बंद करावी लागली. कूपन आले तरी माझ्या टेबलातली ती वही कशी थांबणार, हे लेखात कुठेच नाही.

माझी मागणी साधी आहे. शासनाने हप्ता सोडला की त्या मुलाच्या पालकाच्या मोबाईलवर निरोप जावा, 'तुमच्या मुलीचे अमुक वर्षाचे इतके रुपये शाळेला दिले.' सोडतीत नाव लागल्याचा निरोप पालकाच्या मोबाईलवर जातो, म्हणजे क्रमांक शासनाकडे आहेच. यासाठी नवी योजना नको, समिती नको.

आणखी एक. कालच्या चौकटीत तुम्ही 'फुकट प्रवेश' असा मथळा दिला. ही मुले आठवीपर्यंत त्याच वर्गात बसतात आणि वाचायला लागली की तुमचा पेपरही वाचतात. तो शब्द कृपया पुन्हा छापू नका.

आपली,
एक निवृत्त शाळा लिपिक
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)