परभणीच्या काकांना जाहीर पत्र: होडी घेतली, त्याबद्दल

आदरणीय काका,
सादर प्रणाम.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं, ठिवतो आता" म्हणून मोकळे होता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. शिवाय मराठवाड्यात बसून शिडाची जुनी होडी शोधणारे आणखी कुणी असतीलच, त्यांच्याही कानावर तुमचं म्हणणं जाईल.

जालन्याच्या माणसांना समुद्रातली होडी कशाला, हे आम्हा भावांना झाडून सगळ्यांनी विचारलं. तुम्ही नाही विचारलंत. मुंबईच्या गोदीत होड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवून परत गावी आलेला माणूस ते कशाला विचारेल म्हणा. (जगात जर्मनी, भारतात परभणी!) तुमचा प्रश्न निराळाच होता: "पावसाळ्यात ठिवणार कुठं?"

आमच्यापुढे तेव्हा तीन होड्या होत्या. दोन कॅटालिना २२ आणि एक जे-२४ (आकडा म्हणजे साधारण लांबी, फुटांत). तिन्ही फायबरच्या, तिन्ही वापरलेल्या, किमतीत उन्नीस-बीसचा फरक. धाकट्याचा जीव जे-२४ वर जडला होता आणि त्यात नवल नाही. रॉड जॉनस्टोनच्या आराखड्याची ही शर्यतीची होडी १९७७ पासून जगभर पाच हजारांवर बांधली गेलीय आणि वाऱ्याच्या तोंडावर अशी चढते की बघत राहावं. मी वेगाचं गणित मांडून बसलो होतो. पाण्याला टेकणाऱ्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४ नं गुणायचं. जे-२४ ची ही लांबी २० फूट, म्हणजे जास्तीत जास्त वेग ६ नॉट (तासाला सहा सागरी मैल). कॅटालिनाची १९.३३ फूट, म्हणजे ५.९. तुम्ही फोनवर मोठ्यानं हसलात. "एवढ्या पॉइंटसाठी भांडायलाव का दोघं?"

आणि मग तुमच्या त्या पावसाळ्याच्या प्रश्नापासून एकेक धागा सुटत गेला. कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नैऋत्येचा वारा सुटला की लहान होड्या वर ओढून झाकून ठेवतात. म्हणजे आमची होडी एकतर किनाऱ्यावर भाडं भरून कुणाच्या तरी भरवशावर ठेवायची, नाहीतर ट्रेलरवर घालून जालन्याला आणायची. शेतातली पत्र्याची शेड रिकामीच होती. आणायची तर रस्त्याचा हिशेब आला. मोटार वाहन नियमांत रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. कॅटालिना २.३४ मीटर रुंद, जे-२४ मात्र २.७१. माळशेज घाटात समोरून ट्रक आल्यावर ते जास्तीचे अकरा सेंटिमीटर कुठे घालणार, हे तुम्ही धाकट्यालाच विचारलंत. तो बराच वेळ गप्प होता.

दोन कॅटालिनांत फरक होता तो कीलचा, म्हणजे होडीला तोलणाऱ्या बुडाखालच्या जड पात्याचा. एकीला पक्की कील, तिला साडेतीन फूट पाणी लागतं. दुसरीची फिरती, खाली सोडली की पाच फूट आणि वर घेतली की दोनच. बाणकोट, दाभोळ, जयगड, कुठल्याही खाडीत शिरायचं तर तोंडाशी वाळू असते आणि ती दर पावसाळ्यानंतर जागा बदलते. ओहोटीला तिथं दीड फुटाच्या फरकावर तुम्ही आत असता किंवा भरती येईपर्यंत बाहेर ताटकळत असता. शिवाय पक्क्या कीलची होडी ट्रेलरवर उंच बसते. पाण्यात सोडायला क्रेन तरी हवी, नाहीतर खोलवर जाणारा उतार. फिरत्या कीलची बोलेरोमागून साध्या उतारावरून पाण्यात जाते.

पण फिरत्या कीलची खोटही तुम्हीच सांगितलीत, आणि अगदी घाबरवून सांगितलीत. सुमारे २५० किलोचं बीड (ओतीव लोखंड) एका पिनेवर झुलत असतं आणि एका वायररोपनं वर ओढलं जातं. पिनेचं भोक झिजलं की लाटेवर कील आतल्या आत ठोकत राहते. वायर तुटली तर तेवढं वजन दाणकन खाली येतं आणि बुडाला भेग पाडू शकतं. "ते दरसाल उघडून बघायचं असंल तर घ्या, नसंल तर पक्क्या कीलची घ्या आन् क्रेनचं भाडं भरा." एवढं सरळ आम्हाला विकणाऱ्यांपैकी कुणी सांगितलं नव्हतं.

होड्या बघायला तुम्ही या वयात रात्रीच्या देवगिरीनं आलात. जालन्याला आम्ही चढलो तेव्हा तुम्ही खालच्या बर्थवर जागेच होता, उशाशी हत्यारांची पिशवी.

त्या दिवशीचं तुमचं काम मी अजून विसरलेलो नाही. जे-२४ चं डेक तुम्ही स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं वीतभर-वीतभर ठोकत गेलात. टण, टण, टण. डोलकाठीच्या पुढे आवाज एकदम भद्द झाला. तुम्ही खडूनं रेघ मारलीत, परत ठोकलंत, दुसरी रेघ. शेवटी खडूचा वेडावाकडा घेर तयार झाला, आणि त्याच्या मधोमध कठड्याच्या खांबाचे स्क्रू होते. मालकाची परवानगी घेऊन त्यातला एक काढलात तर भोकातून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं. जे-२४ च्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांत बाल्सा लाकूड असतं. स्क्रूच्या कडेनं वर्षानुवर्षं झिरपलेल्या पाण्यानं ते कुजलं होतं. वरून रंग नवाकोरा. "हाळी-हंडरगुळीच्या बाजारात शिंगं रंगवूनच आणतेत, आपण खूर बघावा," हे तुम्ही आमच्या कानात म्हणालात, मालकाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

पक्क्या कीलच्या कॅटालिनात तसं काही वाईट निघालं नाही, शिडं तेवढी उन्हानं मऊ पडलेली. तुम्ही अंगठ्याच्या नखानं शिवण घासलीत आणि दोरा तुटून हातात आला.

तिसरीच्या, म्हणजे फिरत्या कीलच्या कॅटालिनाच्या, डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांवरून तुम्ही जुनं सुती फडकं फिरवलंत. कुठे एखादा तंतू तुटला असेल तर फडकं अडकतं म्हणे. अडकलं नाही. पण पिनेचं भोक झिजलेलं होतं, कीलची वायर गंजलेली होती आणि मोटर आखूड दांड्याची होती, म्हणजे मागून लाट आली की पंखा हवेत. ती मोटर तुम्ही पाण्याच्या पिंपात चालवायला लावलीत आणि थंडाव्याच्या पाण्याची धार नीट पडते का हे बघत किती वेळ उभे राहिलात. मग सीमाशुल्काची आणि नोंदणीची कागदं मागितलीत. एवढं सगळं झाल्यावर मालकाला बसवून त्याच्याच वहीत दुरुस्तीचा खर्च मांडलात, ना जास्त ना कमी. किंमत उतरली, आणि घासाघीस झाली असं त्यालाही वाटलं नाही. हे कसब शिकवता येत असेल तर आम्हाला शिकवा.

बावीस फूट फारच लहान, असं धाकटा शेवटपर्यंत कुरकुरत होता. त्याला मी सुहैलीचं उदाहरण दिलं. मुंबईत बांधलेली ती सागवानी होडी, अवघी ३२ फुटांची, आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये तिच्यातून एकटा, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून आला. त्यावर तुम्ही, "तो पृथ्वी फिरायला गेला व्हता. तुम्ही हर्णैला मासे खायला चाललाव."

तर काका, ती फिरत्या कीलची आम्ही घेतली, आणि हंगामभर तुमच्या वाऱ्याच्या वेळापत्रकानं चालवली. पहाटे मतलई (जमिनीकडून येणाऱ्या) वाऱ्यावर निघायचं, दहा-अकराला वारा पडला की डबा खायचा, दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा खारा वारा भरला की दक्षिणेकडे सुसाट. परत उत्तरेला यायचं तर तोच वारा तोंडावर. तिथं जे-२४ नं बाजी मारली असती, हे धाकटा अजून ऐकवतो. आम्ही मात्र खाली जायचं आणि तिथूनच ट्रेलरवर चढवून घाटानं वर यायचं, असं ठरवून टाकलंय. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या ट्रेलरची बेअरिंगं प्रत्येक वेळी गोड्या पाण्यानं धुऊन ग्रीस भरतो, तुमची आज्ञा.

होडी आता शेडमध्ये आहे. कील खाली घेऊन ठोकळ्यांवर ठेवलीय, पिनेचं भोक मोजून झालंय. माप घेऊन पुढच्या रविवारी परभणीला येतो. नवी बूश (भोकात बसवायची नळी) कुठल्या धातूची करायची ते तुम्ही सांगा, लेथवाला इथला ओळखीचा आहे. काकूंना नमस्कार सांगा, आणि जेवायला थांबणार आहोत हेही.

आपला,
जालन्याचा थोरला