परसातला पोहण्याचा हौद बुजवण्याविषयी

पुणे,
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप आई व तीर्थरूप बाबा यांस साष्टांग नमस्कार.

दिवाळी आटोपून लातूरहून निघताना फाटकापाशी बाबा म्हणाले, "त्या हौदाचं काय ते तूच ठरवून कळव," आणि आई शेजारी उभी राहून पदराने कोपर झाकत होती. ते कोपर मी आदल्या दिवशीच पाहिले होते. हौदाच्या काठावर कपडे वाळत घालताना शेवाळावरून पाय सरकला, एवढेच ती म्हणाली. पण ती हौदाच्या बाहेरच्या बाजूला पडली म्हणून कोपरावर निभावले. आतल्या बाजूला सहा फुटांवर फरशी आहे, आणि घरात त्या वेळी दुसरे कोणी नव्हते. म्हणून हा विषय आता पुढच्या उन्हाळ्यावर ढकलू नये, असे मला वाटते. दादाशीही बोलले आहे आणि खर्च आम्ही दोघे निम्मा निम्मा उचलणार आहोत.

बाबा, तुम्ही २००८ साली किती हौसेने तो बांधून घेतला, हे मला ठाऊक आहे. नातवंडे सुटीत येतील, पोहायला शिकतील, असे तुम्ही म्हणत होतात आणि सात-आठ उन्हाळे ती खरोखरच आली. पुढे २०१६ उजाडले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली आणि तुम्ही हौद रिकामा करून, उरलेले पाणी गल्लीत वाटून, झाकणही न घालता तसाच ठेवलात. त्यानंतर पाऊसपाणी चांगले झाले तरी तुम्ही तो पुन्हा भरला नाहीत. गाव घागरी घेऊन रांगेत उभे असताना आपण डुंबलो असतो तर, हा विचार तुमच्या मनातून गेला नाही, असा माझा समज आहे. तुम्ही तसे कधी बोलला नाहीत.

आता अडचण अशी आहे की रिकामा हौद हा भरलेल्या हौदापेक्षा लवकर बिघडतो. पावसाळ्यात भोवतीची काळी माती फुगून भिंतींना आत रेटते, उन्हाळ्यात तीच भेगाळून भिंतीपासून सुटते, आणि आत पाण्याचे वजन नसल्याने या रेट्याला तोलणारे काहीच राहत नाही. उत्तरेकडच्या भिंतीतली आडवी भेग त्यातूनच आली असावी. खोल टोकाला साचणाऱ्या पावसाच्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी तयार होते, हे तर तुम्ही दरवर्षी रॉकेल टाकून अनुभवताच.

तुमच्या दोन शंकांचा मी नीट विचार केला. पहिली अशी की पाण्याची जागा बुजवू नये, गावाकडे आड बुजवणे पाप मानतात. पण बाबा, आडाला स्वतःचा झरा असतो. आपला हौद पहिल्यापासून टँकरच्या जिवावर होता.

दुसरी शंका अधिक वजनाची आहे. वर स्लॅब टाकून गच्चीचे पावसाचे पाणी यात साठवावे, असे तुम्ही सुचवलेत, आणि हिशेब तुमच्या बाजूने आहे. पंचवीस बाय बारा फूट आणि सरासरी साडेचार फूट खोली धरली तर यात सुमारे ३८,००० लिटर पाणी मावते, आणि आपल्या बाराशे चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर वीस टक्के वाया जाऊनही ६०,००० लिटरच्या वर पाणी मिळते. तरी मी नको म्हणते, कारण भेग गेलेला हौद ते पाणी धरणार नाही. ते जोत्याखालच्या मातीत जाईल आणि काळी माती ओली-कोरडी होत राहिली की पुढची भेग स्वयंपाकघराच्या भिंतीला पडेल. शिवाय बंद टाकीत साफसफाईसाठी उतरणे धोक्याचे असते, हवा कोंडलेली असते, आणि तुम्ही गड्याला न उतरवता स्वतः उतराल, हे मला माहीत आहे. त्यापेक्षा गच्चीच्या पाइपाखाली पाच-पाच हजार लिटरच्या दोन टाक्या ठेवू आणि जादा पाणी गाळून बोअरच्या पुनर्भरणाला देऊ.

आता बुजवण्याविषयी. गुत्तेदार म्हणतो, शेजारच्या पडक्या वाड्याचा राडारोडा फुकट मिळतो, तो ओतून वर शेतातली माती पसरली की दोन दिवसांत मोकळे. याला कृपा करून होकार देऊ नका. वाड्याच्या मलब्यात लाकूड आणि धाब्याची पांढरी माती असते. लाकूड कुजते, त्याला वाळवी लागते, आणि चार पावसाळ्यांनी वरची जमीन खचते. काळी माती भरावाला तर मुळीच नको.

पहिले काम तळ फोडण्याचे आहे. हे मी दोनदा लिहिणार होते इतके ते महत्त्वाचे आहे. तळाचे काँक्रीट ठिकठिकाणी आरपार फोडल्याशिवाय भराव टाकला तर जमिनीखाली एक पुरलेली परात राहील; दर पावसाळ्यात तिच्यात पाणी साचेल आणि अंगणात चिखल होईल. त्याआधी वायरमनकडून हौदातल्या दिव्यांची लाइन मेन बोर्डापासूनच काढून घ्यावी, फिल्टरचे पाइप दोन्ही टोकांना बंद करावेत आणि मोटर विकून टाकावी. त्यानंतर भिंतींचे वरचे दोन फूट पाडून, सळया कापून, तो काँक्रीटचा चुरा तळाशी पसरावा. वर मुरूम, तोही नऊ-नऊ इंचांच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि धुम्मस करून, म्हणजे ठोकून दाबून. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, त्या हिशेबाने हौदाचे माप साडेतेरा ब्रास होते. दबल्यावर मुरूम बसतो, म्हणून सोळा-सतरा ब्रास लागेल असे धरा. आपला चुरा आणि वरची चांगली माती जेवढी जागा घेईल तेवढा तो कमी लागेल. ट्रॉल्या मोजायला बाबांनी खुर्ची टाकून बसावे, हे काम तुमच्याइतके चोख कोणी करणार नाही. वरचे दीड-दोन फूट चांगल्या मातीचे, मधोमध थोडे उंच ठेवून घरापासून दूर उतार दिलेले असावेत, म्हणजे पहिल्या पावसाळ्यात जमीन बसली तरी खड्डा दिसणार नाही.

संपूर्ण हौद उकरून काढण्याचाही पर्याय आहे. तिथे पुढे खोली बांधायची असती तर मी तोच सुचवला असता. आपल्याला अंगणच हवे आहे. तरी हौद कुठे होता, किती खोल होता आणि काय भरले, याचा नकाशा घराच्या फाइलीत लावून ठेवा. उद्या घर विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला ते सांगावेच लागेल.

बाजूच्या बोळातून जेसीबी जाणार नाही, तो सात-साडेसात फूट रुंद असतो. तेव्हा मागच्या कंपाउंडची दहा फूट भिंत उतरवावी लागेल. हौदाची स्वयंपाकघराच्या बाजूची भिंत मात्र जेसीबीने न पाडता हाताच्या ब्रेकरने सावकाश पाडायला सांगावी. त्या दोन-तीन दिवसांत आईने इकडे माझ्याकडे यावे. ब्रेकर चालला की भांडी वाजतात, आणि १९९३च्या सप्टेंबरमधल्या त्या भूकंपाच्या पहाटेनंतर आईला मांडणीवरची भांडी वाजलेली सोसत नाहीत, हे बाबांनी गुत्तेदाराला समजावण्याची गरज नाही, आपण समजून घेऊ.

आई, तुला तिथे केशर आंबा हवा आहे. आंब्याची मुळे खोल जातात आणि खाली फुटका हौद असेल, म्हणून तो कंपाउंडच्या कोपऱ्यात लावू. भरावावर मोगरा, कढीपत्ता, लिंबू यांना जागा भरपूर आहे.

माती कोरडी असताना, म्हणजे संक्रांतीनंतर काम सुरू करून पाडव्याच्या आत उरकावे. मी पौषात चार दिवसांची रजा काढून येते आणि तळ फोडताना स्वतः उभी राहते. तोपर्यंत एकच करा: कपडे वाळत घालण्याची दोरी हौदाच्या काठावरून सोडून पुढच्या अंगणात बांधा. आजच बांधा आणि मला फोनवर सांगा.

तुमची लेक