चौथरे कायमचे, शिल्पे वर्षापुरती

माननीय कला आणि संस्कृती मंत्री,
गोवा सरकार, यांस

सप्रेम नमस्कार.

चतुर्थीच्या दिवसांत माशेल-कुंभारजुव्याच्या वाटेवर गर्दी का उसळते, हे आपल्याला सांगायला नको. मिळेल त्या वस्तूतून तिथले कलाकार गणपती आणि देखावे घडवतात, माणसे लांबून ते पाहायला येतात आणि थोड्याच दिवसांत सगळे उतरवले जाते. दिवाळीच्या आदल्या रात्री उभा राहिलेला नरकासूर पहाटे जळतो. शिगम्याचा चित्ररथ एका संध्याकाळपुरता रस्त्यावर येतो. गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताच्या, म्हणजे माटोळीच्या, स्पर्धा तर आपलेच खाते घेते. काही काळापुरते घडवायचे, मन लावून घडवायचे आणि वेळ झाली की निरोप द्यायचा, हे गोमंतकीयांच्या अंगवळणी पडलेले आहे. आपल्या चौकांत मात्र जे उभे राहते ते कायमचेच असते.

म्हणून ही विनंती : पणजीच्या मध्यवस्तीत दरवर्षी बदलणारी शिल्पे मांडावीत.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ग्रँड जंक्शन नावाचे एक लहान शहर आहे. तिथल्या बाजाररस्त्यावर 1984 पासून हा उपक्रम चालतो. शिल्पकार आपले काम ठरावीक मुदतीसाठी उसने देतात आणि मुदत संपली की त्या जागी दुसरे येते. अमेरिकेतल्याच सू फॉल्स शहरात 2004 पासून असेच चालते. तिथे लोक मत देतात आणि सर्वांत आवडलेले शिल्प शहरासाठी विकत घेतले जाते. लंडनच्या ट्रफल्गार चौकातला एक चौथरा अश्वारूढ पुतळ्यासाठी बांधला होता, पण पैसे न जमल्याने तो दीडशेहून अधिक वर्षे रिकामा राहिला. 1999 पासून त्यावर बदलती शिल्पे येऊ लागली आणि आज लोक मुद्दाम तो चौथरा पाहायला जातात.

आपल्याकडे दर्जा नाही, असे कोणी म्हणू नये. जुन्या सचिवालयाशेजारचा, संमोहनविद्येचे गोमंतकीय अभ्यासक आबे फारिया यांचा पुतळा पाहा. पुढे झुकलेले शरीर, ताणलेली बोटे आणि त्यांच्यासमोर मागे कलंडत चाललेली ती स्त्री. दोघांमध्ये हातभर मोकळी जागा आहे आणि सगळा जोर त्या मोकळ्या जागेत आहे. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी 1945 मध्ये तो घडवला. एका गोमंतकीय शिल्पकाराला राजधानीत मोक्याची जागा मिळाली, म्हणून आज आपल्याकडे हे शिल्प आहे. पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरच्या कला महाविद्यालयातून 1972 पासून कलाकार घडताहेत. त्यांना अशी जागा कुठे आहे? डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव येतो, शहर आठवडाभर उजळते, मग सगळे उचलले जाते. बँकेत, बाजारात, कदंब बसस्थानकावर रोज ये-जा करणाऱ्या माणसाच्या वाटेत वर्षभर काहीच राहत नाही.

अडचणी आहेत आणि त्या मुख्यतः हवेच्या आहेत. मांडवीच्या काठी खारा वारा लोखंड खातो आणि जूनपासून पाऊस झोडपतो. म्हणून लाकूड आणि भाजक्या मातीची कामे ऑक्टोबर ते मे एवढ्यापुरतीच ठेवावीत. दगड आणि ब्राँझ बारमाही चालेल. स्टेनलेस स्टील घ्यायचे तर 316 प्रतीचेच, कारण साधे 304 समुद्राजवळ डागाळते. चौथऱ्याचा गाभा आरसीसीचा हवा. बाहेरून जांभा लावला तर शोभेल, पण चिऱ्यात बोल्ट नीट धरत नाही. हे चौथरे एकदाच बांधायचे, दरवर्षी फक्त वरचे शिल्प बदलायचे.

खरी भीती मला मोडतोडीची वाटत नाही. ठेवलेली वस्तू वेळेवर उचलली जाणार नाही, गंजेल, तिच्याभोवती झुडपे वाढतील आणि मग कोणी त्याकडे पाहणारही नाही, याची वाटते. म्हणून करारात शिल्प काढण्याची तारीख आणि त्याच्या क्रेनचा खर्च आधीच धरलेला असावा. शिल्पकाराला मानधन, वाहतूक आणि विमा मिळायलाच हवा. 'प्रसिद्धी मिळेल' एवढ्यावर कलाकाराची बोळवण करणे थांबले पाहिजे. आणि निवड समितीत निम्म्याहून अधिक माणसे स्वतः शिल्पकला जाणणारी असावीत.

प्रत्येक चौथऱ्यावर मराठी, कोकणी आणि इंग्रजीत कलाकाराचे नाव, गाव आणि माध्यम लिहावे. ब्रेलमध्येही लिहावे आणि हात लावू द्यावा. शिल्प ही बोटांनी पाहता येणारी कला आहे.

सुरुवातीला पाचच चौथरे पुरेत : महापालिका उद्यान, चर्च चौक, 18 जून रस्ता, कदंब बसस्थानक आणि पाटोवर संस्कृती भवनासमोर. तिथे ग्रंथालयात येणारी मुले रोज ते पाहतील. महापालिकेशी बोलून पावसाळा संपण्याआधी शिल्पकारांकडून प्रस्ताव मागवावेत, म्हणजे निवड, बांधकाम आणि वाहतूक यांना पुरेसा वेळ मिळेल. पणजीत हे जमले की पुढच्या वर्षी फोंडा आणि म्हापशाचा विचार करावा.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
पणजीचा एक रहिवासी