सूचना : रविवारची टेंपलहोफ फेरी

नमस्कार मंडळी,

बर्लिनमधल्या आपल्या गटाची मे महिन्याची फेरी टेंपलहोफच्या जुन्या विमानतळावर आहे.

कधी : रविवार, ३ मे, सकाळी १०.३०
कुठे भेटायचं : प्लाट्झ डेर लुफ्टब्र्युके, भुयारी रेल्वेची यू ६ मार्गिका. चौकातल्या स्मारकापाशी.

हे स्मारक १९४८-४९ च्या हवाई पुलाचं. रशियनांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते-रूळ अडवले, तेव्हा कोळसा आणि पीठ विमानांनी टेंपलहोफच्या याच धावपट्ट्यांवर उतरत होतं.

फेरीनंतर गवतावर बसून चर्चा. विषय : एका प्रदेशाला विमानतळ किती हवेत? १९९६ मध्ये केंद्र सरकार, बर्लिन आणि शेजारचं ब्रांडेनबुर्ग राज्य यांनी ठरवलं की सगळी विमान वाहतूक शहराबाहेरच्या शोनेफेल्डला न्यायची आणि टेंपलहोफ, टेगेल बंद करायचे. एप्रिल २००८ च्या सार्वमतात टेंपलहोफच्या बाजूने जास्त मतं पडली, पण आवश्यक २५ टक्के मतदारांचा पाठिंबा मिळाला नाही. ३० ऑक्टोबरला विमानतळ बंद झाला. शोनेफेल्डचा नवा विमानतळ मात्र उघडला २०२० मध्ये! मला हा क्रम उलटा वाटतो. विरोधी मत असणाऱ्यांनी जरूर यावं.

कृपया लक्षात ठेवा :
- चंडोलांच्या विणीचा काळ आहे. कुंपण घातलेल्या गवतात मुलांना सोडू नका.
- शेगडी फक्त ठरवून दिलेल्या जागीच. आपण कोरडा खाऊच आणू.
- धावपट्टीवर सावली नाही आणि वारा भरपूर. टोपी, पाणी, जाकीट घ्या.
- प्रवेश मोफत आहे.

येणाऱ्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत मुलांसकट नावं कळवा. १०.४५ नंतर थांबणार नाही.